डब्यांच्या टाळ्या

चष्मेवाल्या काकूंना कुणी "हे जमणार नाही" असं सांगितलं, की ते काम निम्मं झालंच म्हणून समजावं. नाही म्हणणाऱ्याच्या त्या अशा हात धुऊन मागे लागतात की शेवटी तो कंटाळून हो म्हणतो. चष्म्याच्या दुकानात नोकरी मागायला गेल्या तेव्हा मालक म्हणाले होते, "बायकांना हे बारीक स्क्रू जमत नाहीत." काकूंनी वाद घातला नाही. मालकांच्या स्वतःच्या चष्म्याची काडी लोंबकळत होती. तो चष्मा काकूंनी सरळ त्यांच्या नाकावरून काढून घेतला, स्क्रू बसवला आणि पुन्हा नाकावर ठेवला. मालक आता थकलेत. दुकान काकूच बघतात.

दुकानासमोर सरकारी कचेरीची तीन मजली इमारत आहे. शाळांना सुट्टी लागली की तिथले आईबाप पोरांना कामावर घेऊन येतात, कारण घरी सांभाळायला कुणी नसतं. जेवणाच्या सुट्टीत ही पोरं इमारत डोक्यावर घेत. त्यावर आधीच्या साहेबांनी एक युक्ती काढली. सुट्ट्या असेपर्यंत रोज दुपारी, जेवणाच्या वेळेला, तळमजल्यावरच्या रुंद जिन्याशी आसपासच्याच कुणीतरी गावं, वाजवावं, नाहीतर गोष्ट सांगावी. तिकीट नाही की मानधन नाही. मोठ्यांनी पायऱ्यांवर बसून डबा खायचा आणि ऐकायचं. हळूहळू समोरचे दुकानदार, रस्त्यावरचे हमालही डबे घेऊन येऊ लागले. एक पोस्टमन बासरी वाजवायचे, एक नर्सबाई गायच्या, आणि आठवड्याचे शेवटचे दोन दिवस काकूंचे असायचे. काकू गोष्ट सांगायच्या आणि त्यांच्या वन्सं व्हायोलिन वाजवायच्या.

या वन्सं म्हणजे काकूंच्या नवऱ्याची थोरली बहीण. तिचा नवरा गेला आणि ती भावाकडे राहायला आली ती एक ट्रंक आणि व्हायोलिनची पेटी घेऊन. पेटी कपाटावर गेली आणि वन्संच्या तोंडाला कुलूप लागलं. जेवायच्या, भांडी घासायच्या, आपल्या खोलीत जाऊन बसायच्या. काकूंनी तीन वर्षं वाट पाहिली, आणि काकूंच्या स्वभावाला तीन वर्षं म्हणजे जन्मठेपच. मग एके दिवशी पेटी खाली काढून म्हणाल्या, "वन्सं, माझ्या गोष्टीत घुबड आहे. मला घुबडाचा आवाज काढता येत नाही. तुम्ही नाही आलात तर पोरं मला हसतील."

"मला लोकांसमोर जमायचं नाही," वन्सं म्हणाल्या. झालं, ठरलंच मग.

आता वन्सं येतात. बोलत कुणाशीच नाहीत, पण सुट्टी जवळ आली की महिनाभर आधीपासून खोलीतून तारांचा आवाज येऊ लागतो. त्या आवाजासाठी काकू काय वाटेल ते करायला तयार आहेत, आणि हे त्यांनी नवऱ्याला तोंडावर सांगितलेलं आहे.

या जिन्याची एक रीत आहे. जेवताना टाळ्या वाजवणार कशा? एक हात उष्टा, दुसऱ्या हातात कुणाचं तरी पोर. म्हणून डब्याचं झाकण पायरीवर ठेवायचं आणि चमच्यानं वाजवायचं. बरं वाटलं तर दोन ठोके, फार आवडलं तर थांबायचंच नाही. वन्संचं घुबड संपलं की जो काही ठणठणाट होतो, त्याला तोड नाही.

यंदा मात्र साहेब नवे आले. दुसऱ्या मजल्यावर दार लावून एकटेच जेवणारे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी काकूंना वर बोलावलं.

"हे बंद करावं म्हणतोय," ते म्हणाले. "लोकांना नकोय ते. रोज डबे वाजवून निषेध करतात."

काकूंना हसू आवरेना. "अहो साहेब, त्या टाळ्या आहेत."

"मला नका सांगू. वसतिगृहात मीही ताटं बडवलीत. जेवण वाईट असलं की बडवायचो, आणि असंच ऐकू यायचं. आणखी दोन दिवस बघतो. पुन्हा डबे वाजले तर सोमवारपासून सगळं बंद. इथं टीव्ही लावू."

"एकदा खाली येऊन बघा तरी."

"ऐकू येतं मला वरूनच."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. जिना उतरेपर्यंत त्यांनी ठरवलं होतं. डबे वाजलेच नाहीत तर कुठलं कारण पुढे करील हा बाबा? दुसऱ्या दिवशी दुकानातून, रस्त्यावरून, लिफ्टपाशी उभं राहून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बजावलं, "आज झाकणाला हात लावायचा नाही. का ते विचारू नका." पोरांना तर त्यांनी चमचेच आणू दिले नाहीत. फक्त वन्संना काही सांगितलं नाही. कार्यक्रम बंद होणार म्हटलं की वन्संचा सूर लागणार नाही, अशी त्यांना भीती. काकूंसारख्या हुशार बाईची नेमकी तिथंच चूक झाली.

त्या दुपारी जिना भरला होता. काकूंनी चष्मा हरवलेल्या घुबडाची गोष्ट सांगितली. घुबड एका आजोबांना उंदीर समजून त्यांच्या टोपीवर झडप घालतं, तेव्हा पोरं हसून लोळली. मग वन्संनी वाजवायला घेतलं. घुबडाला चष्मा सापडतो आणि त्याला पहिल्यांदा चांदणं दिसतं, तिथं त्यांनी असा सूर लावला की फाइली घेऊन चाललेला शिपाईसुद्धा जागच्या जागी थांबला. सूर संपला.

कुणी हललं नाही. काकूंचा शब्द होता, तो सगळ्यांनी पाळला. माणसं माना खाली घालून डब्यात बघत बसली. वन्संनी वाट पाहिली. एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे. मग व्हायोलिन मांडीवर घेतलं, फडक्यानं हळूच पुसलं, पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. नवऱ्याचं सामान आवरताना त्यांचा जो चेहरा होता, तोच चेहरा काकूंना समोर दिसला.

तेवढ्यात वर पावलं वाजली. आज इतकं शांत कसं, म्हणून साहेब बघायला आले होते आणि जिन्याच्या वळणावर उभे होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पेटीच्या कडीकडे गेलेल्या वन्संच्या बोटांकडे पाहिलं. सोमवारचं काय व्हायचं ते होवो. त्यांनी स्वतःचा डबा ओढला, झाकण पायरीवर आपटलं आणि पिशवीत हाताला लागला तो दुकानातला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वाजवायला सुरुवात केली.

"वाजवा," त्या ओरडल्या. "चुकलं माझं. वाजवा रे सगळे."

आणि मग पायरी न् पायरी वाजू लागली. दाबून ठेवलेलं होतं ते, त्यामुळे दुप्पट जोरानं आलं. चमचे नसलेली पोरं बुटांनी पायऱ्या बडवू लागली. हमालानं तर रिकामा डबाच भिंतीवर धरला. वन्संचे डोळे भरले, कडीवरचा हात तसाच राहिला.

साहेब वळणावर उभे राहून बघत होते. वरून त्यांना नुसता आवाज ऐकू यायचा, चेहरे आज पहिल्यांदा दिसत होते. आवाज ओसरल्यावर ते खाली उतरले आणि कुणाला विचारावं ते न कळून वन्संनाच म्हणाले, "म्हणजे हे रागावलेले नाहीत?"

काकूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण आधी वन्सं बोलल्या. परक्या माणसाशी त्या किती वर्षांनी बोलत होत्या, कोण जाणे.

"नाही हो. तुम्ही उद्या डबा घेऊन खाली या. स्टीलचा आणा, प्लॅस्टिकचा वाजत नाही."

साहेबांनी मान हलवली आणि मग विचारलं, "किती वाजता?"

घरी जाताना काकूंनी साहेबांच्या धमकीची सगळी हकिकत वन्संना सांगून टाकली, आणि आता बोलणी खायची तयारी ठेवली. वन्सं पेटी छातीशी धरून चालत होत्या, त्या कोपऱ्यावर थांबल्या.

"ऐक," त्या म्हणाल्या. "उद्या तुझी गोष्ट जरा आवरती घे. मला जास्त वाजवायचंय."