एलएनबी दिवाणावर, बातम्या टीव्हीवर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे. आमच्या निपाणीत दर तिसऱ्या चिंचेवर कुणी ना कुणी बसलेलं असायचं, आणि मी मुद्दाम त्याच चिंचेखाली जाऊन चिंचा पाडायची. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण घडलं ते घडलं, आणि माझ्या घरात घडलं... शिवाय त्यात माझ्या बहिणीचं कौतुक आहे, म्हणून तर मी ते सांगितल्याशिवाय राहणारच नाही!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही बंगळूरला कोरमंगल्यात भाड्याने राहायचो. खाली घरमालकीण जयम्मा, वरच्या मजल्यावर आम्ही, आणि त्यावर गच्ची. माझे मिस्टर होसकोटेच्या एका कारखान्यात मेन्टेनन्स इंजिनिअर. माझे वडील, आप्पा, तेव्हा आमच्याकडेच होते. त्यांना काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलेला, दुसरा चाललेला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं – गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही.

आणि नेमकं त्याच दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीची, मंदाची, मुंबईला मराठी बातम्या वाचायला निवड झाली.

अहो, निपाणीची पोरगी! कॉलेजात जिच्या ‘जाऊन आलो की गं’ला पोरी फिदीफिदी हसायच्या, ती मंदा! आप्पांनी बातमी ऐकली आणि म्हणाले, “मला तिचं तोंड बघायचंय. एकदा बघितलं की मग दिवे गेले तर जाऊ देत.”

आता टीव्हीचा प्रश्न आला. आमच्या गल्लीत सगळ्यांकडे केबल. जयम्मांकडेही होती, पण चित्र असं की एका माणसाच्या कडेने त्याची फिकट सावली उभी. धडधाकट डोळ्यांना ते चालून जायचं, पण आप्पांना त्यात नुसता धूर दिसायचा. तरी मी केबलवाल्याला जाऊन विचारलं, मराठी चॅनल देणार का?

“मराठी? यारु नोडतारे मॅडम?” तो म्हणाला. म्हणजे, बघतंय कोण? “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी.”

माझं डोकंच फिरलं. “अ‍ॅडजस्ट कशाला करू? मी बघते! माझा बाप बघतो!” असं तिथेच सुनावून घरी आले आणि मिस्टरांना म्हटलं, “अहो, आपली स्वतःची डिश बसवायची. तुम्ही इंजिनिअर आहात ना?”

बसवली की. गच्चीवर ही एवढी जाळीची डिश! मराठी चॅनल उपग्रहावरून थेट आमच्या घरात, आणि चित्र कसं, तर धुतल्या तांदळासारखं. अख्ख्या गल्लीत तशी डिश फक्त आमची. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले की तिच्याकडे उगाचच दोनदा बघून घ्यायची.

ज्यांनी त्या डिश बघितल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. डिशच्या मधोमध, तीन दांड्यांवर, एलएनबी नावाचा एक डबा बसवलेला असायचा. आकाशातून जे काही यायचं ते त्या डब्यातून वायरीत आणि वायरीतून टीव्हीत. तो नसला तर डिश म्हणजे नुसती जाळी, वर पापड वाळवा.

वाऱ्याने डिश जरा हलली की चित्र जायचं. मग आमची ठरलेली कवायत असायची. मिस्टर गच्चीवर डिश फिरवणार, आप्पा टीव्हीसमोर, आणि मी मध्ये जिन्यात. आप्पा ओरडणार “न्हाई... न्हाई... आलं!”, मी तेच वर ओरडणार. आणि ‘आलं’ म्हटलं की मिस्टरांनी हातातलं काम टाकून डिशपासून लांब व्हायचं, हा आमच्या घरचा कडक नियम. कारण नंतर नुसता कोपर लागला तरी गेलंच परत चित्र.

तर मंदाच्या पहिल्या बातम्यांचा दिवस. दुपारच्या बातम्या होत्या. मिस्टरांनी खास रजा काढलेली. आप्पा सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून, टोपी घालून टीव्हीसमोर बसले होते, जसं काही मंदाच त्यांना बघणार होती. मी शिरा केला. टीव्ही लावला... आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या!

मिस्टर गच्चीवर धावले. फिरव फिरव फिरवली. आप्पांचं आपलं, “न्हाई... न्हाई...” बातम्यांची वेळ झालेली. आप्पांचा आवाज बारीक होत चालला होता. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात मिस्टर वरून ओरडले, “अगं, एलएनबीच्या तोंडात कुंभारणीने घर केलंय!” कुंभारीण म्हणजे ती मातीचं घर बांधणारी माशी. भरगच्च माती कोंबलेली. “काढून साफ करतो!”

आणि खालून आप्पा ओरडले, “आलं! आलं गं! मंदा आली!”

मी तशीच वर ओरडले, “आलं! सोडा! खाली या लवकर!” मिस्टर धाडधाड जिना उतरून आले. गडबडीत हातातलं काहीतरी दिवाणावर टाकलं आणि जमिनीवर बसले. माझ्या ओरडण्याने जयम्माही वर आल्या.

पडद्यावर मंदा होती. पोपटी काठपदराची साडी, पदराला पिन, ताठ मान. चित्र इतकं स्वच्छ आमच्या डिशवरही कधी आलं नव्हतं. आप्पा पुढे सरकत सरकत अगदी पडद्याजवळ गेले. “भुवईवरचा वण दिसतोय बघ,” ते म्हणाले, “विहिरीच्या काठावर पडली होती तो.” मला स्वतःला तो वण नंतर दिसला! मध्येच एका गावाच्या नावाला मंदा अडखळली, थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून नीट म्हणाली. “सावरलं पोरीनं,” आप्पा म्हणाले आणि मांडीवर थाप मारली.

“निम्म तंगीना?” जयम्मांनी मला विचारलं. तुझी धाकटी बहीण का? मी मान हलवली. अभिमानाने छाती फुटायची बाकी होती.

मंदाने शेवटी हात जोडले. आप्पांनीही जोडले. आणि पुन्हा मुंग्या.

“आता कशाने गेलं?” म्हणत मिस्टर उठले. जयम्मा दिवाणावर टेकायला गेल्या आणि “अय्यो!” करून ताडकन उठल्या. “इदेनिदु?” म्हणजे, हे काय?

दिवाणावर एलएनबी होता. तोंडात अजून निम्मी माती.

मिस्टरांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. “अगं, मी तर हा... वायर काढून... खोलला होता. तू ‘आलं’ म्हणालीस आणि मी सवयीने पळालो...” आम्ही दोघं गच्चीवर गेलो. तीन दांड्या मोकळ्या, मध्ये काही नाही, आणि वायरीचं टोक वाऱ्यावर लोंबतंय.

मंदाने रात्री जयम्मांच्या फोनवर फोन केला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “अक्का, त्या गावाच्या नावाला अडखळले बघ. आप्पांना कळलं का?” साडीही तिने पोपटीच सांगितली. म्हणजे आम्ही बघितलं ते खरंच तिथे चाललेलं होतं. आम्ही चौघांनी ते बघितलं, आणि त्यातल्या जयम्मांना तर मराठीचा गंधही नव्हता.

मिस्टरांनी नंतर किती वेळा एलएनबी काढून टीव्ही लावून बघितला! दर वेळी मुंग्या. त्यांच्या कारखान्यातले मित्र म्हणाले, शेजारच्या केबलचं काहीतरी शिरलं असेल. पण केबलवर ते चॅनलच नव्हतं, हे केबलवाल्यानेच मला तोंडावर सांगितलं होतं ना? मीही आजवर पुष्कळांना विचारलं. कुणी हसतं, कुणी भुवया वर करतं. कारण माझ्याकडेही नाही.

आप्पांची नजर त्यानंतर लवकरच पूर्ण गेली. पण ते पुढे खूप वर्षं जगले, आणि मंदाने खूप बातम्या वाचल्या. एकदा जेवताना मिस्टरांनी तो विषय परत काढला. “आप्पा, तुम्हीच तर पहिल्यांदा बघितलंत. वर डबाच नव्हता. मग आलं कसं हो ते?”

आप्पांनी चाचपडत ताटातली भाकरी मोडली.

“जावईबापू,” ते म्हणाले, “माझी लेक बातम्या वाचाय लागली होती. न येऊन चालतंय व्हय?”