पडवीत नांदायला आलेलं मशीन

निघताना बायकोने एकच सांगितलं होतं. "बघून या. फक्त बघून. घेऊन नका येऊ."

मी "हो" म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडून फार लवकर निघतो आणि आमच्या घरातली बरीचशी अडगळ त्याच वाटेने आत आलेली आहे. कारखाना बंद पडला, मला नारळ मिळाला, आणि तेव्हापासून मी धंदे करतो. अळंबीची मांडणी झाली, सोड्याच्या बाटल्या भरायचं यंत्र झालं. सगळं पडवीत. गेल्या महिन्यात एका शनिवारी मात्र मी ते सगळं भंगारवाल्याला देऊन पडवी धुवून काढली, कारण सोमवारपासून तिथे बायकोचा शिवणक्लास सुरू व्हायचा होता. वाडीतल्या सहाजणींना तिने सांगूनही टाकलं होतं. इतक्या वर्षांत तिने स्वतःचं म्हणून काही मागितलं असेल तर ती ही पडवी. कोण कुठे बसणार त्याच्या खुणाही तिने खडूने फरशीवर करून ठेवल्या होत्या.

आणि रविवारी मी गुहागरला कार्पेट धुवायचं जुनं मशीन बघायला निघालो. हॉटेलांची कार्पेटं, डॉक्टरांचे सोफे, लग्नाच्या हॉलमधले गालिचे. रत्नागिरीत हे काम करणारं कोणी नाही, असा माझा शोध होता. का नाही, हे शोधायचं राहिलं होतं.

"बघायलाच जाताय ना? मग टेंपो कशाला?" बायकोने विचारलं.

"बस वेळेवर नसते गं."

टेंपो तिच्याच भावाचा. मिरकरवाड्यावरून मासळी वाहतो, रविवारी रिकामा असतो. जयगडला फेरीबोटीत टेंपो चढवताना मेहुणा म्हणाला, "भावोजी, ताईला मी काय सांगू ते आत्ताच ठरवून ठेवा."

मशीनचे मालक सत्तरीचे काका. त्यांचं लहानसं लॉज. मुंबईच्या पाहुण्यांसाठी त्यांनी हौसेने खोल्यांतून कार्पेट घातलं होतं. लोक समुद्रावरून ओल्या पायांनी वाळू घेऊन यायचे. दोन पावसाळ्यांत कार्पेटांना बुरशी आली, कार्पेटं माडांच्या आळ्यात गेली, आणि मशीन तेवढं उरलं. हे सगळं काकांनी मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. शहाणा माणूस तिथूनच परतला असता. मी मान डोलावून टाक्या बघायला वाकलो.

स्वच्छ पाण्याची एक टाकी, उपसलेल्या मळक्या पाण्याची दुसरी, मधे मोटर, वर अजगरासारखा गुंडाळलेला पाइप. व्हिडिओ बघून मी तीन प्रश्न पाठ करून गेलो होतो. मोटर पुन्हा भरून घेतलीय का? पाइपला चिरा आहेत का? पाणी किती जोरात ओढतं?

"चालू करून बघू या का?"

"बघा की! आपली काही लपवाछपवी नाही," काका म्हणाले आणि बटण दाबलं. काही झालं नाही. "लाईट गेलीय हो. येईल. तोवर सरबत घ्या."

सरबत झालं. लाईट आली नाही. "आता जेवूनच जा," काकू आतून म्हणाल्या. भात, आमटी, तळलेले बांगडे झाले. दुसऱ्याच्या घरचे तीन बांगडे खाऊन त्याच्या मोटरबद्दल शंका कशी काढायची, हे कुठल्याच व्हिडिओत सांगितलेलं नव्हतं. हात धुताना मी मनाशी वाक्य जुळवत होतो, "कळवतो तुम्हाला," आणि बाहेर येऊन बघतो तर काकूंनी मशीनला हळदकुंकू लावलेलं.

"घरातली वस्तू बाहेर जातेय, देवाला सांगायला नको?" म्हणत काकांनी नारळ हातात धरला, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा! आज ही तुझी लेकरं रत्नागिरीहून इथवर आली..."

"व्हय महाराजा!" मेहुणा म्हणाला. त्याचं काय जात होतं?

"ही वस्तू ज्या घरी चाललीय, त्या घरात ती कायमची नांदू दे..."

"व्हय महाराजा!"

हा आवाज माझा होता. आमच्याकडे गाऱ्हाण्याला व्हय म्हणायला डोकं लागत नाही. शिमग्यात बापाच्या खांद्यावर बसून म्हणायला लागलो, तेव्हापासून ते आपोआप निघतं. पुढच्या तीन व्हयांत मशीनची भरभराट, माझी भरभराट आणि आमच्या सात पिढ्यांची भरभराट मी मान्य करून बसलो. डोळे उघडले तर काकांनी नारळ माझ्या हातात दिला. वर्षभरातला माझा हा दुसरा नारळ. काकू पदराने डोळे पुसत होत्या.

"सांभाळा हो तिला," म्हणाल्या.

आता तिथे "कळवतो" कसं म्हणणार?

परतताना फेरीबोटीत मी टेंपोच्या मागे मशीनला धरून उभा होतो. पुढे पाणी, मागे पाणी. मेहुणा नुसता हसत होता.

बायको पडवीच्या पायरीवर उभी होती. तिने आधी मशीन बघितलं, मग त्यावरचं कुंकू, मग माझ्या हातातला नारळ. मासळीच्या टेंपोतून आल्यामुळे मशीनला बोंबलांचा वास येत होता.

"अगं, गाऱ्हाणं झालं होतं," मी म्हटलं. "मी व्हय म्हटलं."

मला वाटलं, ओरडेल. तिने माझ्या हातातून नारळ घेतला, खडूच्या खुणांमध्ये जाऊन उभी राहिली आणि डोळे मिटले.

"बा देवा महाराजा! उद्यापासून ह्या पडवीत शिवणाशिवाय दुसरं काही येणार नाही..."

"व्हय महाराजा!" मेहुणा ओरडला.

"ह्या माणसाचं जे काही आहे, ते ह्या माणसाच्या खोलीत राहील..."

तिने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. गरज नव्हती. मी म्हणून चुकलो होतो.

मशीन माझ्या खोलीत आहे. दुसरीकडे मावेना म्हणून मागच्या दाराला टेकवलंय, ते दार आता उघडत नाही. पुढच्या दाराबाहेर पडवी, आणि पडवीत दुपारी तीन ते पाच या वेळात बायका मापं घेतात, तेव्हा मला बाहेर यायची बंदी आहे. म्हणून रोज दोन तास मी मशीनवर बसून असतो. मोटर चांगली निघाली, पाणीही झकास ओढते. घरात कार्पेट नाही. मी दोनदा पायपुसणं धुतलं. आता काकांना फोन करून परत घ्या म्हणावं, तर नांदायला आलेली वस्तू माहेरी कशी धाडायची?

बाहेर कात्रीचा आवाज येतो, बायकोचा येतो. "सरळ काप गं, घाबरतेस काय!" असा आवाज मी तिच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता. त्या सहाच्या आता नऊ झाल्यात. नववीला बसायला जागा नाही म्हणून ती माझ्या दाराला पाठ टेकून बसते, आणि ती उठल्याशिवाय हे दारही आता उघडत नाही.

काल तिने दाराआडूनच मला विचारलं, "काका, मशीनवर गोधड्या धुवून मिळतात का हो?"

गोधडी ह्या मशीनवर धुता येत नाही. हे मला पक्कं माहीत आहे.

आज चार गोधड्या आल्यात. त्या माझ्या खाटेवर आहेत.