बॉबिनची चिठ्ठी

मावशींच्या दुकानात दुरुस्तीला आलेलं शिलाई मशीन आल्या आल्या कधीच उघडलं जात नसे. आधी चौकशी. टाका कधीपासून सुटतो, कुठल्या कापडावर सुटतो, मशीनवर कोण बसलं होतं आणि त्याआधी काय बदललं, हे चार प्रश्न झाल्याशिवाय त्या पेचकसाला हात लावत नसत. उत्तरं पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहायच्या, भोक पाडून ती चिठ्ठी दोऱ्याने मशीनला बांधायच्या आणि गिऱ्हाइकाला म्हणायच्या, या आता तीन दिवसांनी. चिठ्ठीच्या तळाशी दोन जागा रिकाम्या असत, एक दोषाची आणि एक कारणाची. मशीन परत जाताना दोन्ही भरलेल्या असत. नुसता दोष काढून मशीन परत द्यायला त्यांचा जीव होत नसे. कारण सापडलं नाही तर महिन्याभरात तेच मशीन पुन्हा दारात येतं, हे त्या पुरत्या ओळखून होत्या.

हे सगळं त्या कुठल्या शाळेत शिकल्या नव्हत्या. बावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसल्या. तिथला मिस्त्री चहा झाल्याशिवाय उठायचा नाही आणि तोवर अख्खी रांग हातावर हात ठेवून बसायची. एकदा कंटाळून मावशींनी केसातली पिन काढली आणि मिस्त्री यायच्या आत मशीन चालू केलं. मिस्त्री चिडला, सायबांनी मात्र पाहून ठेवलं. पुढे कारखाना बंद पडला तेव्हा मावशींनी घराच्या पुढच्या खोलीत दोन टेबलं टाकली, भिंतीला स्क्रूचे डबे लावले आणि पाटी लटकवली. अजूनही एखादा नवखा येऊन विचारायचा, मिस्त्री कुठे आहेत? मावशी चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "बसलेत ना तुमच्यासमोर."

बॉबिन त्या टेबलाखालचा. मावशींचे यजमान शहरातली बस चालवायचे. सगळा मोहल्ला त्यांना काका म्हणायचा. सात वर्षांपूर्वी ते डेपोतून शर्टाच्या आत कुत्र्याचं एक पिल्लू घालून घेऊन आले. पिल्लू दुकानभर घरंगळणाऱ्या दोऱ्याच्या बॉबिनींमागे धावायला लागलं आणि नाव आपोआप पडलं. तेव्हापासून तो टेबलाखाली, अंगाला कायम रंगीबेरंगी धागे चिकटलेले. गिऱ्हाइकं त्याच्या शेपटीवरून ढांगा टाकून जायची, तो डोळाही उघडायचा नाही. इतका गरीब कुत्रा राखणीला काय कामाचा, असं काका म्हणायचे. त्यावर मावशी म्हणायच्या, घरात एक भुंकणारा आहे तेवढा पुरे.

आणि अशा बॉबिनने सोमवारी दुपारी नातीवर झडप घातली.

नात चार वर्षांची. मावशींची लेक वरच्या मजल्यावर राहायची आणि औषधांच्या दुकानात कामाला जायची, म्हणून पोर दिवसभर खाली. पोरीने रोजच्यासारखी बॉबिनच्या गळ्यात मिठी मारली. बॉबिन गुरगुरला, वळला आणि फ्रॉकची बाही खांद्यापासून मनगटापर्यंत टरकली. कातडीला ओरखडाही नव्हता, पण नात अशी रडली की शेजारची दुकानं बाहेर आली. बॉबिन भिंतीला पाठ लावून उभा होता आणि थरथरत होता.

संध्याकाळी लेक आली, तिने बाही बघितली आणि आवाज न चढवता सांगितलं की कुत्रा जाणार. आज बाही होती, उद्या गाल असेल, असं लेक म्हणाली, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. तिच्या दुकानाच्या मालकाचं एक गोदाम होतं, तिथे राखणीला कुत्रा हवा होता. गोदामाचा माणूस रविवारी सकाळी येऊन घेऊन जाईल, हे ती येतानाच ठरवून आली होती. गोदामात साखळी असते, हे कुणी बोललं नाही.

"रविवारपर्यंत दिवस आहेत ना माझ्याकडे?" मावशींनी विचारलं.

"आई, तो काही मशीन नाही."

"म्हणूनच म्हणते. मशीनला मी तीन दिवस देते, त्याला सहा तर दे."

मंगळवारी काकांनी सुट्टी टाकली आणि मावशींना बरोबर घेऊन बॉबिनला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती आणि बाहेर रांग लागलेली. चावरा म्हटल्यावर तिने रीतीप्रमाणे आधी त्याचं तोंड पट्टीने बांधलं, मग पोट दाबलं, पाय ताणले, कान बघितले, रक्त घेतलं. सगळं ठीक निघालं. वय झालंय, घरात लहान मूल आहे, त्याला हेवा वाटत असेल, ती म्हणाली, आणि शांत राहायच्या गोळ्या दिल्या.

मावशींना ते पटेना. मूल काल घरात आलं नव्हतं, चार वर्षं होतं. मग हेवा या सोमवारीच कसा वाटला? त्यांनी पुठ्ठ्याची एक चिठ्ठी कापली, वर बॉबिन असं लिहिलं आणि टेबलाशेजारच्या खिळ्याला टांगली. गोळ्यांचं पाकीट तिच्यामागे खोचून ठेवलं, फोडलं नाही. नातीला आठवडाभर शेजारच्या काकूंकडे पाठवलं, म्हणजे लेकीलाही बोलायला जागा राहू नये.

पहिली चौकशी नवऱ्याची. यापूर्वी कधी काही केलं होतं का त्याने? काका म्हणाले, छे, कधीच नाही. मावशींनी त्यांच्या अंगठ्यावरची पट्टी सोडवली, आत दोन खुणा होत्या. पंधरा दिवसांपूर्वी बसच्या दारात बोट सापडलं म्हणून सांगितलं होतं.

"बसच्या दाराला दोनच दात असतात का हो?"

काकांनी खाली बघितलं. मग सगळं बाहेर आलं. पट्टा घालताना चावला होता. डेपोच्या डॉक्टरकडून त्यांनी गुपचूप इंजेक्शनं घ्यायलाही सुरुवात केली होती. सांगितलं असतं तर कुत्र्याचं काय होणार ते त्यांना तेव्हाच दिसलं होतं. मावशी रागावल्या नाहीत. गिऱ्हाईक खोटं बोलतं, मशीन बोलत नाही, हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं, आणि नवरा गिऱ्हाइकापेक्षा वेगळा निघेल अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं की पट्ट्याचं बक्कल कुठल्या बाजूला आलं होतं. काकांनी हवेत पट्टा बांधून बघितला. उजव्या कानाखाली.

नातीला विचारलं तेव्हा तिने आजीच्याच गळ्यात पडून दाखवलं. तिचा गाल आजीच्या उजव्या गालाला टेकला.

मग मावशी दुरुस्ती करता करता टेबलाखाली बघत राहिल्या. पार्सल घेऊन आलेल्या परक्या माणसापुढे बॉबिनने शेपूट हलवली. तीन गिऱ्हाइकं ढांगा टाकून गेली, त्याने मान वर केली नाही. कडक बिस्कीट दिलं तर घेतलं, मान डावीकडे कलती करून दोनदा चावलं आणि टाकून दिलं. तेच बिस्कीट दुधात भिजवलं तर चाटूनपुसून खाल्लं. गार पाणी पिताना मध्येच थांबला आणि भांड्याकडे असा बघत राहिला जणू भांड्यानेच आगळीक केली आहे. शुक्रवारी तो टेबलाच्या पायाला गाल घासत होता. उजवा. मावशी हात न लावता जमिनीवर पालथ्या पडून बघायला गेल्या, तर उजव्या डोळ्याखाली केसांच्या आत किंचित फुगवटा. काका तेवढ्यात जेवायला आले आणि बायको जमिनीवर पालथी बघून दारातच थबकले. मावशी खालूनच म्हणाल्या, ताट वाढून घ्या, मी कामात आहे.

चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरली होती. ती वाचता वाचता मावशींना कोडं उलगडलं. परक्यांना तो चावत नव्हता, कारण परके त्याच्या तोंडाला हात लावत नव्हते. तोंडाला हात लावतात ती फक्त घरची माणसं. आणि दवाखान्यात सगळं तपासलं गेलं होतं, एक तोंड सोडून, कारण चावतो म्हणून तेच बांधून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी त्या दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर बसल्या होत्या. डॉक्टरणीपुढे त्यांनी बोलण्यात वेळ घालवला नाही, चिठ्ठी पुढे केली. तिने उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली, मग खुर्चीवर बसून उलटी बाजू वाचली.

"मी तोंड बघितलंच नाही," ती म्हणाली.

"तुम्ही बघणार कशा? त्याने बघू दिलं नसतं. आता झोपवून बघा."

भुलीचं इंजेक्शन दिलं. बॉबिनचं डोकं मावशींच्या हातात जड झालं. डॉक्टरणीने वरचा ओठ उचलून दिवा धरला. उजवीकडची मोठी दाढ उभी चिरली होती, एक कपची निघून गेलेली, आणि मुळाशी पू साठून तो डोळ्याखालपर्यंत चढला होता. इतकी ठणकणारी दाढ घेऊन हा पंधरा दिवस गप्प पडून होता याचंच नवल, असं ती म्हणाली. दाढ काढावी लागेल, मग काही दिवस औषध आणि मऊ खाणं, ठणका गेला की बहुतेक स्वभावही जागेवर येईल.

हातमोजे चढवताना तिने विचारलं, "हाड, दगड, असं काही टणक चावायला देता का?"

"छे," मावशी म्हणाल्या. "हाड घशात अडकतं म्हणून मी कधी घरात येऊ दिलं नाही. टणक काहीच नाही."

दुपारी बॉबिन काकांच्या मांडीवर झोपून घरी आला. त्याला स्वच्छ अंथरूण घालावं म्हणून मावशींनी टेबलाखालचं जुनं गोणपाट ओढलं. त्यातून काहीतरी जड निसटून फरशीवर आपटलं.

तो त्यांचाच मोजा होता. मोज्यात एक गियर होता, कारखान्यातल्या मोठ्या मशीनमधून काढलेला, अस्सल पोलादी, आणि वर मावशींच्या हातची गाठ. आता त्यांना सगळं आठवलं. रबराचे चेंडू बॉबिन चार दिवसांत फाडायचा आणि तुकडे गिळायचा. तेव्हा हिवाळ्यातल्या एका रिकाम्या दुपारी त्यांनी मोठ्या हौसेने हे खेळणं केलं होतं. ही वस्तू कधी तुटणार नाही, याचं त्यांना तेव्हा कौतुक वाटलं होतं. मोजा चावून चावून जाळी झाला होता आणि एका बाजूला तपकिरी डाग होता. रक्ताचा, जुना.

भंगाराचा डबा हाताशी होता. गियर त्यात टाकला असता तर शंभर गियरांत तो एक कुणाला ओळखू आला नसता. मावशींनी मोजा टेबलावर, चिठ्ठीच्या शेजारी ठेवला.

रविवारी सकाळी लेक खाली आली. दाढ एका लहान बाटलीत घालून दिली होती, ती तिने उजेडात धरून बघितली. तिला वाईट वाटलं हे दिसत होतं, पण ती आई होती.

"दुखत होतं हे कळलं मला," ती म्हणाली. "पण आज ही दाढ, उद्या दुसरी. पुन्हा होणार नाही कशावरून? कारणाची जागा तर रिकामीच आहे तुझी."

मावशींनी पेन घेतलं. त्या जागेवर त्यांनी लिहिलं: मी. मग मोजा पुढे सरकवला आणि हिवाळ्यातली ती दुपार, गाठ, गियर आणि काल डॉक्टरणीला छातीठोकपणे सांगितलेलं खोटं, सगळं सांगून टाकलं. मशीनचा दोष सांगायच्या त्याच सुरात सांगितलं.

लेकीने गियर तळहातावर तोलून बघितला. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"बाबांना मी लहानपणापासून सांगत आलेय, हिचे हात रिकामे राहू देऊ नका म्हणून."

काका म्हणाले, आपण यात पडत नाही, आपला अंगठा आधीच गेलाय.

साडेनऊला गोदामाचा माणूस स्कूटरवरून आला. हँडलला साखळी गुंडाळलेली. लेकच बाहेर गेली. कुत्र्याची चूक नव्हती, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला, असं तिने सांगितलं आणि त्याला पाणी दिलं. आत येऊन तिने आपल्या अटी सांगितल्या. महिनाभर नात आणि बॉबिन एकटे एका खोलीत राहणार नाहीत. नातीने समोरून यायचं, तोंडाला हात लावायचा नाही. आणि खेळणं आणायचं ते दुकानातून, आईच्या हातचं चालणार नाही. मावशींनी तिन्ही मान्य केल्या. तिसरी जरा उशिराने.

त्यांनी डॉक्टरणीला फोन करून गियरचंही सांगितलं. तिने ते नीट लिहून घेतलं.

सोमवारी दुकान उघडलं. बॉबिन टेबलाखाली, हिरडीला टाके, अंगाला हिरवे धागे. पहिलंच गिऱ्हाईक दोन्ही हातांनी मशीन उचलून आत आलं आणि खाली ठेवायच्या आधीच सांगायला लागलं की मावशी, शपथेवर सांगते, मी काहीएक केलं नाही, आपोआपच बंद पडलं.

एरवी यावर मावशींचं उत्तर तयार असायचं. त्या दिवशी त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, म्हणाल्या, "हो, होतं असं. बसा," आणि कोरी चिठ्ठी ओढून घेतली.