दुधाच्या टाकीतली पाणबुडी

माझी शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर तर माझं मलाच लागत नाही. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण आमच्या शेजारच्या आबांबद्दल लिहायलाच हवं, कारण खुटबावात पाणबुडी आणणारा माणूस साऱ्या दौंड तालुक्यात दुसरा होणे नाही.

आबांची सगळी नोकरी नेव्हीत, पाणबुडीवर गेली. ते तिला बोट म्हणतात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी आबा अजून पाण्याखालीच आहेत असं मला वाटतं. दारात कालवा भरून वाहतो आणि आबांची अंघोळ एका तांब्यात, बोटीत गोडं पाणी मोजून मिळायचं म्हणून. घरात भांडं पडलं की ते दचकून वर बघतात, कारण बोटीत आवाज झाला की वरच्या शत्रूला पत्ता लागायचा. त्यांच्या घरात भांडणसुद्धा कुजबुजत होतं.

एकदा भांडगावच्या भंगारवाल्याकडून त्यांनी दुधाच्या टँकरची टाकी आणली आणि उसाच्या कडेला ठेवली. “बोटीवरच्या मानसांची आठवण कुठंतरी ऱ्हायला पायजे,” एवढंच म्हणाले. टाकीवर ‘दूध’ ही अक्षरं तशीच होती. सकाळी बघते तर नवी डेअरी आली म्हणून निम्मा गाव किटल्या घेऊन रांगेत!

“आबा, फॅटला काय भाव लावनार?”

“आत चला, सांगतो. किटल्या भायेर. डोकं खाली, पाय वर!”

आबांनी एकालाही सोडलं नाही. एकावर एक बिछाने, एकाच बिछान्यावर आळीपाळीने झोपणारी दोन माणसं, सगळं दाखवलं. पाइपला आरसे बसवून दुर्बीण केली होती. तिच्यातून आबांना पहिली दिसली ती माझी म्हैस. “सूनबाई, पळा, उसात शिरली!” आबा मला सूनबाईच म्हणतात. दोघातिघांचं दूध नासलं, पण जाताना सगळे टाकीला नमस्कार करून गेले.

मग आत भिंतीवर नेव्हीत गेलेल्या आपल्या भागातल्या माणसांची नावं रंगवायचं ठरलं. माझे मालक आबांच्याच बोटीवर स्वयंपाकी होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, तरी गावात त्यांना भटारीच म्हणतात. माझ्या मुलीनेही ते ऐकलं आहे.

सरपंच टाकीला वीज देणार होते. ते म्हणाले, “आबा, लढनाऱ्यांची नावं लिवा. चपात्या लाटनाऱ्याचं लिवलं तर पाव्हनं हसतील.” मी चहा घेऊन मागेच उभी होते. तसंच मागे फिरावं असं वाटलं.

आबांनी सरपंचांना आत नेलं आणि वरचं झाकण लावलं. आबा बोलतात हळू, पण टाकीत घुमून शब्द न् शब्द मला बाहेर ऐकू येत होता.

“सांगा, दिस हाय का रात?”

“आबा, उघडा राव, जीव घाबरतोय.”

“आमी असं कैक दिस काढलं. ऊन न्हाई, कोंबडा न्हाई. त्यो चपात्या भाजाय लागला की वास यायचा, तवा आमी म्हनायचो, उजाडलं. आमचं उजाडनं त्याच्या हातात व्हतं, सरपंच. त्याला कसा गाळू?”

हे मालक मला कधी बोलले नव्हते. रजेवर आले की अंगणात पडून नुसतं ऊन खायचे. मला वाटायचं, माणूस आळशी आहे.

सरपंच घामाघूम होऊन बाहेर आले. “वहिनी, चहा द्या. आन् आबा, पयलं त्येंचंच नाव घ्या.”

पेंटरने आत ब्रश बुडवला आणि पूर्ण नाव विचारलं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, मीही जन्मात घेतलं नव्हतं. आबांना नाव पाठ होतं, तरी ते म्हणाले, “सूनबाई, तुमीच सांगा.”

मी सांगितलं. लोखंडात ते घुमलं, कुणी आतून ओ द्यावी तसं. इथे लिहीत नाही. भिंतीवर सगळ्यात वर आहे, येऊन वाचावं. रंग वाळेपर्यंत आबा आणि मी तिथेच बसून राहिलो.