ऑडिटला नेलेली लेक

चाकणच्या एका कंपनीत मी लाइन सुपरवायझर आहे. ऑडिट आलं की आदल्या दिवशी रंगरंगोटी करायची, बाद मालाच्या ट्रॉल्या मागच्या शेडमध्ये ढकलायच्या, ऑडिटर खूश. अठरा वर्षं हेच करतोय राव. यात काही वावगं आहे असं कधी वाटलंच नाही.

माझी लेक नऊ वर्षांची, ऑटिझम असलेली. कर्कश आवाज झाला की किंचाळते, स्वतःचाच हात चावते. अशी मुलं असलेले आम्ही सात पालक वर्षभर महापालिकेत खेटे घालत होतो. मागणी एकच: पालिकेच्या शाळांत या मुलांसाठी वर्गात मदतनीस द्या. त्याशिवाय शाळा माझ्या लेकीला बसवूनच घेत नव्हती. शेवटी पालिकेच्या शिक्षण विभागातल्या साहेबांनी वेळ दिली. "एखादं मूल घेऊन या, बघू तरी," म्हणाले. सगळ्यांनी माझ्या लेकीला न्यायचं ठरवलं.

आणि मी काय केलं? सकाळी तिला सर्दीचं औषध पाजलं. सर्दी कसली? त्यानं तिला गुंगी येते म्हणून. साहेबांपुढं तमाशा नको, चारचौघांत शोभा नको. बायको पहिल्या शिफ्टला गेली होती, तिला पत्ताही नाही. अक्कल गहाण टाकली होती मी!

केबिनमध्ये लेक माझ्या खांद्यावर मान टाकून गप्प.

"अहो, किती गुणी पोरगी आहे! हिला कशाला हवा मदतनीस?" साहेब म्हणाले.

आमच्या सातांपैकी एक आई शेजारी बसली होती, ती मला कोपरानं ढोसत होती. "दादा, बोला की! रोज कशी असते ते सांगा."

काय सांगणार, कपाळ? औषधाचं कबूल करावं लागलं असतं. "आज जरा दमलीये," एवढंच पुटपुटलो. निवेदनावर शेरा पडला: तूर्त आवश्यकता नाही. सात घरांची वर्षभराची पायपीट मी झाकणभर औषधात बुडवली.

निगडीच्या बसस्टँडवर तिची गुंगी उतरली. हॉर्न वाजला आणि ती फरशीवर आडवी पडून किंचाळायला लागली. माणसं गोळा झाली. त्यांची लाज वाटली नाही. मघाच्या माझ्या गप्प बसण्याची वाटली, अजून वाटते.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, आता शिव्या घालेल. मावळातली आहे, तोंडाची तिखट. ती लेकीचा चावलेला हात धूत होती. वर न बघताच म्हणाली, "म्हंजी तुमालाबी ती हाय तशी चालत न्हाई."