आत्याचा लुपस आणि माझा लुपस

वडिवळ्यात डेअरीवर दूध घालायला उभा असलेला कुणीही माणूस लुपसचे प्रकार सांगू शकतो, आणि याचं सगळं श्रेय माझ्या थोरल्या आत्याचं. भातखाचरात उभा जन्म काढलेल्या या बाईने एका आजाराची ओळख गावाला इतक्या उत्साहाने करून दिली आहे, की नव्या जावयाचीही कुणी देत नसेल.

आत्याच्या गालांवर आणि कानांच्या पाळ्यांवर गोल चट्टे आहेत, कडेला काळपट, मध्ये पांढुरके. बरीच वर्षं कुणी त्यांना नायटा म्हटलं, कुणी कोड, आणि एका हळदीकुंकवाला तर शेजारच्या वहिनींनी तिला कुंकू लावताना हात आखडला. आत्या पुण्याला गेली. त्वचेच्या डॉक्टरांनी चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासला, आणि निदान घेऊन ती परतली ती थेट वहिनींच्या ओट्यावर. "लुपस म्हंत्यात याला. हात लावून होत न्हाई. अंगातली राखणच आपल्यावर उलटती. लावा आता कुंकू!" वहिनींनी लावलं, वर चहाही टाकला. उन्हाने चट्टे वाढतात, म्हणून तेव्हापासून ऊन आत्याचा वैरी. लावणीला ती नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं आणि त्यावर कुसगावच्या दुकानातून आणलेली रुंद काठाची गुलाबी टोपी घालून चिखलात उतरते. जवळच्या धरणावर आलेले पर्यटक तिच्यासोबत फोटो काढायला थांबतात, आणि फोटोच्या बदल्यात त्यांना लुपस ऐकावा लागतो. ती चांदण्यातही छत्री उघडते, असं तिचे यजमान सांगतात.

काही औषधांमुळेही लुपस होतो आणि ती थांबवली की ओसरतो, हे कळलं तेव्हा मात्र तिने कहर केला. गावातली प्रत्येक गोळी तिला संशयास्पद वाटू लागली. शेजारच्या आबांना तिने रक्तदाबाची गोळी बंद करायला सांगितलं. पुढच्या खेपेस डॉक्टर तिच्यावर चांगलेच रागावले, "अशी औषधं मोजकीच आहेत, मावशी. आणि गोळी बंद करायची ती डॉक्टरांनी सांगितल्यावरच." आत्या आल्या पावली आबांकडे गेली. "आबा, माजं चुकलं. गोळी चालू ठेवा." आबा म्हणाले, "बंद कुटं केलती?"

मग माझी पाळी आली. मी तळेगावात शिकवते. सांधे धरले, ताप हटेना, नाकावरून दोन्ही गालांवर लाली पसरली, पाय सुजले. तपासण्यांत लुपसच निघाला, आणि तो मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. नातेवाईक म्हणाले, "आत्याचाच आजार ना? मलम लाव, होईल बरं." आत्या एकटीच भडकली. "माजा कातडीवरचा हाय, हिचा आतला. नाव एक म्हणून रोग एक व्हतो व्हय?" इंद्रायणी तांदळाचं पोतं घेऊन ती माझ्याकडे येऊन राहिली. औषधांनी माझा चेहरा फुगला, केस गळले, आरशासमोर मी रडायचे. ती शेजारी उभी राहून म्हणायची, "रड. पण गोळी गिळून रड."

हळूहळू मूत्रपिंडं सावरली. काही वर्षांनी डॉक्टरांच्या संमतीने मला दिवस गेले. माझ्या रक्तातली काही द्रव्यं बाळापर्यंत जाऊन त्याच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून पोटातल्या बाळाचं हृदय वरचेवर तपासायचं होतं, आणि प्रत्येक वेळी आत्या कान्हे स्टेशनवरून लोकल पकडून हजर. मुलगी झाली, ठोके उत्तम. पण थोड्याच आठवड्यांत तिच्या कपाळावर, डोळ्यांभोवती लालसर वलयं उमटली. सासूबाई ओरडल्या, "पोरीलाही आलं गं!" हेही होऊ शकतं, असं डॉक्टर बोलले होते, पण ऐकणं वेगळं, स्वतःच्या लेकीच्या कपाळावर पाहणं वेगळं. आत्याने बाळ उचललं. "ह्यो लुपस तिचा न्हाईच. आईच्या रक्तातनं आलंय, ते सरलं की चट्टं जात्यात. पर चला, डाक्टरला दावू." डॉक्टरांनी हृदय पाहिलं, रक्त तपासलं आणि तेच सांगितलं. मी सुटकेने रडत होते, आणि बाहेर बाकावर बसलेल्या अनोळखी बायांना आत्या छाती पुढे काढून सांगत होती, "आमच्या घरात तीन परकारचा हाय!"

वलयं काही महिन्यांत खरंच मावळली. लेक आता शाळेत जाते. पालकसभेत मी माझा आजार नाव घेऊन सांगते, आवाज जराही न कापता, आणि तेव्हा मला या बाईची भाची असल्याचा फार अभिमान वाटतो.

आत्या आता थकली आहे. परवा आली तेव्हा माझ्या लेकीला काहीतरी समजावता समजावता वाक्य अर्धवट सोडून खुर्चीतच झोपली. खिडकीतून कलतं ऊन तिच्या चेहऱ्याकडे सरकत होतं. मी उठले, आवाज न करता पडदा ओढला, आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.