मुके तळवे

माझा दादा कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, तिथे त्यांचं काम संपतं. पुढचं सगळं दादाचं. प्लास्टरचा साचा, मेणाच्या हिरड्या, त्यात एकेक दात बसवणं, मग घासून चकाकी आणणं. त्याचं आडनाव दातार नाही, तरी बाजारात त्याला सगळे दातारच म्हणतात. दात देतो म्हणून दातार. तीस वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलंय की फोन उचलला की तोच म्हणतो, "दातार बोलतोय."

त्याला साखर आहे हे त्याच्या कामामुळेच कळलं. दातांच्या पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा असतात. त्यांची एक पट्टी त्याच्या टेबलावर असते, पण दादाला ती लागायचीच नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी त्याने एका शिक्षिकेच्या पुढच्या दाताला शेजाऱ्यापेक्षा पिवळा जोडीदार दिला. डॉक्टरांनी तो परत पाठवला. पंधरा दिवसांत आणखी दोन परत आले. दादाने ट्यूबलाइटला दोष दिला आणि ती बदलली. मग चष्मा बदलला. आठ दिवसांत त्या चष्म्यातूनही धूसर दिसायला लागलं, तेव्हा चष्मेवालाच म्हणाला की नंबर असा रोज बदलत नसतो, आधी रक्त तपासून घ्या.

गोळ्या सुरू झाल्या. वजन उतरवा, रोज तासभर चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. चालणं काही दादाला जमलं नाही. निम्मं गाव त्याचे दात घालून हिंडतं. कोपऱ्याकोपऱ्यावर लोक त्याला थांबवायचे, डावीकडे टोचतंय म्हणायचे, आणि काहीजण तर भर रस्त्यात कवळी काढून त्याच्या तळहातावर ठेवायचे. तासभराच्या चालण्यात तो दोन गल्ल्याही ओलांडायचा नाही. म्हणून त्याने एक जुनी सायकल घेतली. सायकलवरच्या माणसाला फक्त हात करता येतो.

वहिनीच्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं. सायकल दारात आली तेव्हा ती म्हणाली, आता दप्तर आणि पाण्याची बाटली तेवढी आणा, शाळेत नाव घालून येते. दादा हसला. पहिल्या दिवशी पुलाच्या चढावर त्याला उतरून सायकल ढकलत न्यावी लागली. महिन्याभरात तो चढ बसूनच पार व्हायला लागला. पूल, मग नदीकाठचा रस्ता, मग पाणी शुद्ध करायचं केंद्र, आणि तिथून परत, असे चौदा किलोमीटर. वर्षभरात अकरा किलो उतरले. विजारी कमरेला आत घ्याव्या लागल्या, त्या वहिनीनेच घेतल्या. चार लोकांत ती त्याची टिंगल करायची आणि माझ्यापाशी त्याचे रिपोर्ट वाचून दाखवायची. ती अडीच-तीन वर्षं त्या घरात बरी गेली.

मग माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या एकुलत्या एक मुलीला, जुळे झाले. सातव्या महिन्यातच. ती आणि जावई राहतात ते शहर इथून अकरा तासांवर. दोन्ही मुलं काचेच्या पेटीत होती. वहिनीने एका पिशवीत चार कपडे कोंबले आणि गेली. जाताना दादाला म्हणाली, तीन महिने काढा कसेतरी.

तीन महिन्यांनी मुलं घरी आली, पण एकाला सारखा कफ व्हायचा. सहा महिन्यांनी भाचीची नोकरी परत सुरू झाली. वर्षाने पाळणाघराचं बघू असं ठरलं आणि ते बघणं राहून गेलं. यात कुणाचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. वहिनी मधून चार दिवस यायची, डबे घासायची, चादरी बदलायची आणि निघायची. फोन आधी रोज व्हायचा, मग एक दिवसाआड. त्यातलाही बराचसा वेळ मुलांचं रडणं ऐकण्यात जायचा.

दादा सकाळबरोबर संध्याकाळीही सायकल काढायला लागला. रिकाम्या घरात बसून करायचं काय, असं त्याने मला सांगितलं. जेवण म्हणजे एकदा रांधायचं आणि तीनदा खायचं. गोळ्या कधी आठवायच्या, कधी नाही. मी दोन बस बदलून आठवड्यातून एकदा जायचे. माझंही घर आहे, नोकरी आहे. नाही म्हटलं तरी माणूस आपल्यापुरतं बघतो.

एक दिवस तो कोपऱ्यावरून दूध घेऊन आला आणि माझ्यासमोर दारात उभा राहिला. त्याच्या एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती. मी विचारलं तेव्हा त्याने खाली पाहिलं. चप्पल कुठे गळून पडली ते त्याला कळलंच नव्हतं. मी जाऊन शोधली. रस्ता ओलांडायच्या जागी पडली होती.

डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक जाडसर धागा तळपायाला टेकवत विचारत गेले, आता कळतंय का. मी शेजारीच उभी होते. धागा लागला तेव्हा दादा गप्प होता. धागा काढून घेतला तेव्हा तो म्हणाला, "हो, कळतंय." डॉक्टरांनी कागदावर फुल्या मारल्या. साखरेने पायाच्या नसा गेल्या होत्या. सायकल चालवायला हरकत नव्हती, पण बूट घालून. आणि रोज रात्री दोन्ही तळवे नीट बघायचे, कारण दुखलं तरी पाय आता सांगणार नाही.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "तिला सांगू नकोस. तिकडे तिला दोन आहेत, त्यात हा तिसरा कशाला."

मी नाही सांगितलं.

तळवे बघायला त्याला वाकता येईना. त्याने कामावरचा छोटा आरसा आणला, लांब दांडीचा, तोंडात घालून दाढा बघायचा. पलंगावर बसून तो एका हाताने पाय धरायचा, दुसऱ्या हाताने तो रुपयाएवढा आरसा तळव्याखालून फिरवायचा. दाढांना जसे नंबर असतात तसे त्याने तळव्याच्या भागांनाही दिले होते. ते बघून मला हसू आलं होतं. त्यालाही आलं.

पुढचं मला त्याच्याकडूनच कळलं. एका रविवारी वहिनीचा फोन आला. मुलांचं, जावयाच्या बदलीचं बोलून झालं. मग ती म्हणाली, "मी इथेच राहिले तर चालेल का हो?"

दादा म्हणाला, "चालेल की."

ती बरं म्हणाली. मग गॅस बंद करायचाय म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर दहा-बारा दिवस दादा कामाला जात होता, सायकल चालवत होता, पण आरसा त्याने हातात धरला नाही. कंटाळा आला, एवढंच तो म्हणतो. त्याच दिवसांत कधीतरी कवळीच्या आकड्याच्या तारेचा एक तुकडा, नखाएवढा, कामाच्या टेबलाखाली काढून ठेवलेल्या बुटात पडला. तो बूट घालून दादाने पूल चढला, उतरला, पाण्याच्या केंद्रापर्यंत जाऊन आला. असे किती दिवस, कुणास ठाऊक. मोजा ओला लागला तेव्हा त्याला वाटलं घाम असेल. शेवटी शेजारच्या काकांनी दार वाजवून विचारलं, घरात काही मेलंय का, वास येतोय.

डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, पाऊल वाचलं.

वहिनी दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशी घरी अंथरूण झटकताना तिला उशीखाली आरसा सापडला. हे इथे काय करतंय, असं तिने मला विचारलं. मला खोटं सुचलं नाही. मी धाग्याच्या तपासणीपासून सगळं सांगितलं. ती पलंगावर बसली आणि आरसा पदराने पुसत राहिली.

"किती दिवस झाले याला?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष तू माझ्याशी फोनवर बोलतेस," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्यांची चौकशी करतेस."

मी भाजी चिरायला घेतली.

दादा घरी आल्यावर ती रोज त्याची पट्टी बदलायची. हात हलका होता तिचा. एकदा मी कापूस आणि बोळे पुढे करत होते, तेव्हा ती जखमेवरची नजर न काढता म्हणाली, "त्या दिवशी फोनवर तुम्ही नको का नाही म्हणालात?"

दादाला कुठला फोन ते लगेच कळलं. तो म्हणाला, "तू विचारलंस तेव्हा तुझं ठरलेलंच होतं."

"नव्हतं ठरलं," वहिनी म्हणाली. "म्हणून तर विचारलं."

तिने पट्टीचं शेवटचं टोक खोचलं, चिकटपट्टी लावली आणि हात धुवायला गेली. दादा पायाकडे बघत बसला. मी तिथून उठायला हवं होतं, पण माझ्या मांडीवर ट्रे होता.

ती बावीस दिवस राहिली. मग भाचीची रजा संपली, कफाच्या नातवाने खाणं सोडलं, आणि जुळी मुलं फोनवर आजीला घरी ये म्हणायला लागली. त्यांचं घर म्हणजे तिकडचं घर. जाताना तिने दादाला तिकडे चला म्हटलं. पायाची जखम भरल्यावर दादा गेलाही, पण आठ दिवसांत परत आला. दोन खोल्यांत सहा माणसं. मुलं त्याचा पाय बघून दुसऱ्या खोलीत पळायची. आणि तिथे त्याला कुणी दातार म्हणणारं नव्हतं.

डॉक्टरांनी रस्त्यावर जाऊ नका, घरातच व्यायामाची उभी सायकल चालवा म्हटलं होतं. ती आम्ही आणली. खोलीत जागा एकच होती, भिंतीकडे तोंड करून. दहा दिवस त्याने तिच्यावर पाय मारले. अकराव्या दिवशी तिच्यावर टॉवेल वाळत घातला तो घातलाच. मग एका सकाळी मी गेले तर दाराला कुलूप. अर्ध्या तासाने तो जुन्या सायकलवरून आला. कोपराला खरचटलं होतं. डाव्या बुटात त्याने बोटांच्या जागी स्पंज भरला होता, आणि तो कामावरचा होता, लाल, मेण पुसायचा.

मी त्याला खूप बोलले. वहिनीचं तोंड उसनं आणल्यासारखं बोलले. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "गुडघ्यापर्यंत तरी कळतं गं. पेडल मारताना मांडी भरून येते. बाकी दिवसभर मी टेबलाला टांगल्यासारखा असतो."

तेव्हापासून मी गप्प बसले. आता तो पुलापर्यंतच जातो. वहिनी फोन करते, आता परत रोज. आधी त्याला विचारते तळवे बघितले का, आणि मग मला फोन करून विचारते की खरंच बघितले का. माझ्यावरचा तिचा राग गेलेला नाही. जायला हवा असंही मी म्हणणार नाही.

गेल्या गुरुवारी उजव्या टाचेला भेग पडली म्हणून त्याला दाखवायचं होतं. माझ्याबरोबर बसने चल म्हटलं, तर सायकल बंद होणार असेल तर आजचा दिवस तरी चालवतो, असं म्हणून तो सायकलनेच निघाला. मी आधी पोहोचले. दोन नंबर पुढे सोडले. तो आला तेव्हा घामेजलेला होता आणि ओठ सुकले होते.

डॉक्टर नवीन होत्या. त्यांनी टाच पाहिली, आतून पोखरलं गेलंय म्हणाल्या. महिनाभर पाऊल टेकायचं नाही, सायकल तर नाहीच. पुढचं महिन्यानंतर बघू. मग कागद लिहिताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "घरी कोण असतं?"

"बहीण असते," दादा म्हणाला.

मी राहते ते घर त्याच्या घरापासून दोन बस दूर आहे. पट्टी कशी बदलायची, कुठलं औषध आधी लावायचं, हे त्या सांगत गेल्या आणि मी लिहून घेत गेले. नंतर दादाला रिक्षात बसवलं. त्याची सायकल मी हाताने ढकलत घरी नेली. मला सायकल येत नाही.